पत्रा पक्का आणि माती कच्ची, हे कोणी ठरवले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एकाच पानावर दोन बातम्या होत्या. वरची आमच्या जिल्ह्यातला पारा चढल्याची आणि खालची एका गावात नव्या घरकुलांच्या चाव्या दिल्याची. खालच्या बातमीत कच्च्या घरांतून लोकांची सुटका झाल्याचे लिहिले होते. सोबतच्या फोटोत एक कुटुंब नव्या खोलीत उभे होते, डोक्यावर उघडा पत्रा. बाईच्या कडेवर लेकरू होते आणि त्याच्या मानेवर घामोळ्याची पावडर दिसत होती. तो फोटो पाहून मला राहवेना, म्हणून हे पत्र लिहिते आहे. लांबले तर क्षमा असावी.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. आमचे गाव किल्लारीपासून वीसेक किलोमीटरवर. घर माझ्या सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेले, माळवदाचे. ज्यांनी माळवद पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर आडवे किलचण, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती दगड आणि चिखलाच्या, अडीच फूट रुंद. छताला मधोमध सवणे, चुलीचा धूर त्यातून बाहेर जाई आणि दुपारचा कवडसा त्यातूनच माजघरात उतरे. मृग लागायच्या आधी दर वर्षी गडीमाणसे लावून माळवदावर नवी माती टाकायची आणि चोपून बसवायची, म्हणजे पावसाळ्यात गळत नसे. मी १९८७ साली सून म्हणून या घरात आले. पहिल्याच वैशाखात माझ्या लक्षात आले की दुपारी बाहेरून आत आले की ढाळजेतच, म्हणजे दारालगतच्या ओसरीतच, अंगाला गारवा लागतो. तेव्हा घरात पंखा एकच होता आणि तो बहुतेक बंद असे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गाव उशिरा झोपले होते. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हलली. आमच्या घरात कोणी गेले नाही, पण देवळीतल्या बरण्या खाली आल्या, सरांमधून मातीची धार लागली आणि मागच्या भिंतीचे बाहेरचे अंग पोट सुटल्यासारखे फुगले. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ या गावांत काय झाले ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतली बहुतेक आपल्याच घराच्या दगडमातीखाली दबून गेली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे आजोळ तिकडचे होते. ती त्यानंतर वर्षभर शाळेच्या इमारतीत बसली नाही, ओट्यावर बसून शिकली. तिला मी एकदाही आत बोलावले नाही.

त्या भीतीने आमच्या मामंजींनी माळवद उतरवायचे ठरवले. दिवाळीनंतर आठ दिवस चार माणसे वर कुदळ मारत होती आणि घमेल्यांनी माती खाली येत होती. एके दुपारी मामंजींनी मला शिडीवरून वर बोलावले. छताचा अर्धा भाग उतरला होता, उरलेल्या अर्ध्याची उभी कड समोर दिसत होती. त्या कडेला भाकरीच्या चवडीसारखे थर होते. एक फिकट, एक काळपट, पुन्हा फिकट. मधेच कोळशाची बारीक रेघ, मधेच ज्वारीच्या भुशाचे तुकडे. प्रत्येक थर म्हणजे एक पावसाळा. मामंजींनी हाताने मापले, दीड हात भरले. बांधले तेव्हा एक वीत असेल, ते म्हणाले, बाकीचे आम्हीच चढवले. त्यांचा आवाज इतका उतरलेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

मी विज्ञानाची शिक्षिका, रात्री वहीत हिशोब केला. घनफूटभर ओली माती पन्नास किलोच्या घरात जाते. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर थर असेल तर पाच टन, आणि आमचा थर दोन फुटांच्याही वर. म्हणजे झोपलेल्या माणसावर दहा टनांहून जास्त. खालची भिंत अडीच फूट रुंद खरी, पण ती एक भिंत नव्हतीच. आतले एक अंग, बाहेरचे एक अंग आणि मधे चिखल व बारीक दगडांची भर. दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच कुठे होता. हादरा बसला की दोन अंगे सुटी होतात आणि छत बसते. म्हणून किल्लारीचा दोष मातीच्या गारव्याला लावता येत नाही. दोष होता तो वर्षानुवर्षे वाढवलेल्या वजनाचा आणि न बांधलेल्या भिंतींचा.

हा फरक तेव्हा कोणी समजावून सांगितला नाही असे मी म्हणणार नाही. सरकारने बावन्न गावे नव्या जागी वसवली आणि कमी नुकसान झालेल्या घरांसाठी दुरुस्ती व मजबुतीकरणाचे अनुदानही दिले. अभियंते गावोगाव फिरले. आमच्या चावडीवर त्यांनी चित्रे लावली होती, भिंतीला आरपार टाके कसे घालायचे, वरून पट्टा कसा बांधायचा, माळवदाची माती कशी कमी करायची. पण घाबरलेला माणूस चित्रे पाहत नाही. आमच्या गल्लीत तरी बहुतेकांनी अनुदानाच्या पैशांतून मागच्या अंगणात वेगळी पत्र्याची खोली बांधली आणि जुन्या घरात कडबा भरला. आम्हीही माती उतरवली आणि त्याच भिंतींवर पत्रा टाकला. दहा टनांच्या जागी पन्नास किलो आले. त्या रात्री मामंजींना भूकंपानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली. त्यांना त्यासाठी आजही कोणी नावे ठेवू नयेत.

पण पुढची सत्तावीस वर्षे आम्ही त्या पत्र्याखाली काढली. माझी दोन्ही मुले पत्र्याखालीच वाढली. मार्च लागला की घामोळ्या, दुपारी अकरानंतर घरात थांबणे नको, स्वयंपाक पहाटे उरकायचा. थंडीत त्याच पत्र्याला आतून घाम सुटायचा आणि पहाटे गोधडीवर थेंब पडायचे. वळवाच्या पावसात तर एकमेकांशी बोलता येत नसे. घरात एकच खोली वाचली होती, बळदाची, म्हणजे धान्य साठवायची. ती लहान होती म्हणून तिच्यावरची माती मामंजींनी पूर्ण न काढता चार-सहा बोटे ठेवली होती. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चैत्रापासून दुपारी आपली वाकळ घेऊन त्या खोलीत जाऊन पडायच्या. कोणी विचारले तर म्हणायच्या, "इथं माझं डोस्कं माझ्या जाग्यावर राहतंय." शेवटच्या तीन उन्हाळ्यांत त्या रात्रीसुद्धा तिथून बाहेर आल्या नाहीत.

त्या गेल्यानंतरच्या मे महिन्यात मी शाळेचा प्रयोगशाळेतला तापमापक घरी आणला. शिक्षकाला हे आधी सुचायला हवे होते, याची मला अजून खंत आहे. दुपारी दोन वाजता ढाळजेच्या सावलीत ४१ अंश. पत्र्याच्या खोलीत उभ्या माणसाच्या डोक्याशी ४३. शाडूच्या गोळीने तापमापकाचा फुगा पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटवला, तो ६२ वर गेला. बळदाच्या खोलीत ३४. एकाच घरात, एकाच वेळी, मधे फक्त एक दार. आणि हा फरक नुसत्या हवेचाही नाही. ६२ अंशांचा पत्रा म्हणजे डोक्यावर उलटी टांगलेली शेगडी. तिची धग हवेची वाट न पाहता सरळ अंगावर येते. म्हणून पत्र्याच्या घरात पंखा लावला तरी टाळू तापलेलीच राहते.

यानंतर आम्ही ज्या चुका केल्या त्या मुद्दाम लिहिते, कारण आज गावोगाव त्याच चुका पैसे मोजून होत आहेत.

पहिल्यांदा आम्ही पत्र्याला आतून थर्माकोलची पाने चिकटवली. पहिला महिना बरे वाटले. मेअखेर पाने वाकली, गळू लागली, मागे उंदरांनी घरे केली. मीटर तपासायला आलेल्या वायरमनने वर पाहिले आणि म्हणाला, बाई, ही वायर याला टेकलेली आहे, एक ठिणगी उडाली तर घर राहणार नाही. त्याच संध्याकाळी आम्ही सगळे थर्माकोल उतरवले. दुसऱ्यांदा शहरातून ठेकेदार आणून पीओपीचे छत करून घेतले. त्याने दिसायला सुंदर काम केले, पण भिंतीच्या माथ्यावरचे सगळे झरोके बुजवून टाकले. पत्रा आणि पीओपी यांच्या मधली हवा कोंडली. दिवसभर तापलेली ती हवा रात्री अकरापर्यंत खाली धग सोडत राही. तिसरी चूक सगळ्यात महाग पडली. दगडमातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, घर नवे दिसावे म्हणून. तीन पावसाळ्यांत भिंतीच्या पायाशी लोणा लागला आणि कंबरेपर्यंत पोपडे सुटले.

त्या भिंतीपाशी शेजारच्या गावच्या एका वृद्ध गवंड्याला बोलावले. १९९३ नंतर गवंड्यांना जे प्रशिक्षण दिले गेले, ते घेतलेल्यांपैकी तो एक. मार्च महिना होता, अंगणात ऊन रणरणत होते. त्याने छिन्नीने तळहाताएवढा सिमेंटचा पापुद्रा उडवला आणि आतली माती चिमटीत धरून माझ्या हातावर ठेवली. ती ओली होती. चार महिने पावसाचा थेंब नाही आणि भिंत आतून ओली. तो म्हणाला, "भिंतीचा घाम भाईर याया वाट नको का, बाई?" दगडमातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि अंगातून सोडून देते. सिमेंटने ती वाट बंद होते, ओल आत साठते, चिखलाची पकड सुटते. ओली भिंत उन्हाळ्यात गार वाटेल असा कोणाचा समज असेल, पण ओली चिखलाची भिंत भूकंपात कोरड्या भिंतीच्या आधी जाते. आम्ही सगळे सिमेंट खरवडून काढले आणि चुन्याचा गिलावा केला. चुना आठवडाभर भिजवावा लागला, मळायला माणसे लागली, वेळ तिप्पट गेला. आज त्या भिंतीला हात लावला तर ती कोरडी लागते.

माझ्या मुलाचे म्हणणे वेगळे होते. तो पुण्यात असतो. त्याला वाटे की सगळे पाडावे आणि स्लॅब टाकावा. त्याचे चुकत नव्हते, गावात ज्याच्याकडे पैसे आहेत तो हेच करतो. आम्ही तालुक्याच्या एका तरुण अभियंता मुलीला घर दाखवले. तिने दोन गोष्टी सांगितल्या. पाच इंची स्लॅब दहा बाय दहाच्या खोलीवर तीन टनांच्या आसपास जातो, तो या भिंतींवर ठेवता येणार नाही, त्यासाठी खालून कॉलम उभे करावे लागतील. अंदाजपत्रक नऊ लाखांचे निघाले. आणि वर काही आच्छादन नसेल तर स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तुमच्या अंगावर ओततो. पत्रा निदान दिवस मावळल्यावर लवकर निवतो. स्लॅबचे घर मध्यरात्रीपर्यंत निवत नाही, हे माझ्या बहिणीच्या घरी मी स्वतः अनुभवले आहे. मग मी तिला विचारले, हलके आणि गार असे छत होत नाही का? ती हसली नाही. म्हणाली, होते, पण कोणी विचारत नाही.

दोन वर्षांत, जसे पैसे जमतील तसे आम्ही ते केले. आधी भिंती. कारण भिंत बांधलेली नसेल तर त्यावर गारव्याचा कोणताही उपाय करणे म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ. दर चार फुटांवर भिंतीत आरपार भोक पाडून त्यात एस आकाराची सळई बसवली आणि काँक्रीट भरले, म्हणजे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना धरून राहील. भिंतीच्या माथ्यावरून सगळ्या घराला सळई-काँक्रीटचा पट्टा फिरवला. पत्रा जुनाच ठेवला, पण वरून पांढरा रंग दिला. आधी पैसे वाचवायला चुना मारला होता, तो पत्र्यावर धरला नाही, पहिल्याच वळवात धुऊन गेला. (स्लॅबवर मात्र चुना चांगला बसतो, माझी बहीण दर वर्षी मारते.) आढ्याशी पत्रा चार बोटे उचलून त्यावर टोपी घातली, वळचणीला जाळी लावून फट मोकळी ठेवली. आता पत्र्याखाली तापलेली हवा आढ्यातून निघून जाते आणि तिच्या जागी वळचणीतून दुसरी येते. पत्र्याच्या खाली, पण पत्र्याला न टेकवता, चकचकीत फॉइल ताणली, चमकणारी बाजू खाली. वर केली तर तिच्यावर धूळ बसते आणि तिचा गुण जातो. चमकणारी बाजू कशाला चिकटवली तरी जातो, तिला मोकळी हवा समोर लागते.

आणि त्याच्या खाली हातभर अंतर सोडून दुसरे छत. हे माझ्या मनातले होते. तालुक्याच्या बाजारात बसणाऱ्या एका बुरूड कुटुंबाकडून बांबूचे तट्टे विणून घेतले. कीड लागू नये म्हणून बांबू बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात भिजवलेले. तट्टे हलक्या लोखंडी चौकटीवर बसवून खालून माती, चुना आणि भुसा कालवून एक बोट जाडीचा लेप दिला. लेपामुळे आगीचे भय कमी होते. वायरी सगळ्या पाइपातून नेल्या. दहा बाय दहाला त्या लेपाचे वजन तीनशे किलोंच्या आसपास भरते. म्हणजे माती आमच्या छताला परत आली, पण दहा टनांऐवजी तीनशे किलो, आणि तीही लोखंडाने धरलेली. लेप द्यायला मी स्वतः चार दिवस चिखलात होते. ज्या दिवशी माजघरातला शेवटचा तट्टा लिंपला, त्या दिवशी घरात पहिल्या पावसासारखा वास भरून राहिला होता.

सगळा खर्च एक लाख ऐंशी हजार झाला. गेल्या मे महिन्यात तोच तापमापक, तीच वेळ. बाहेर सावलीत पुन्हा ४१, माजघरात ३६. बळदाच्या खोलीएवढे नाही, पण ४३ च्या ऐवजी ३६. आणि डोक्यावरची शेगडी विझलेली. लेपाला हात लावला तर तो कोमट लागतो, चटका बसत नाही. यात खिडक्यांचाही वाटा आहे. जाड भिंतीच्या घराला रात्री उघडायचे आणि दिवसा मिटायचे असते. आपण दुपारी वारा यावा म्हणून खिडक्या उघडतो आणि डासांच्या भीतीने रात्री लावतो, नेमके उलटे. आम्ही जाळ्या बसवल्या. आता रात्री आठला सगळे उघडतो आणि सकाळी आठला बंद करून पडदे ओढतो.

कूलर घ्या म्हणजे काम झाले असे पुष्कळ लोक सांगतात. आमच्याकडेही होता. पण हा लातूर जिल्हा आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आम्हाला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतताना माझा हात थरथरत असे. आणि उघड्या पत्र्याखाली कूलर लावला तर वरून धग, खालून दमट हवा, अंग नुसते चिकट होते. आधी छप्पर सुधारले असते तर कूलरची गरज निम्मी झाली असती, हे मी आता अनुभवाने सांगते.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येते. जनगणनेत घराचे साहित्य लिहून घेतात तेव्हा माती, गवत, बांबू हे कच्चे धरले जाते आणि चुना-सिमेंटात बांधलेला दगड, भाजलेली वीट, काँक्रीट यांच्या बरोबरीने लोखंडी पत्रा पक्का. त्यामुळे आमची अडीच फुटांची दगडमातीची भिंत आणि तिच्यावरचे माळवद कागदावर कच्चे आणि त्याच्या शेजारची वितभर भिंतीची, उघड्या पत्र्याची खोली पक्की. पाऊस थांबवण्यापुरते हे ठीक असेल. पण मे महिन्यात त्या खोलीत दोन तास बसून हा शब्द कोणी लिहून दाखवावा. ग्रामीण घरकुलाची मदत मिळते ती नव्या घरासाठी. ज्याचे जुने घर उभे आहे आणि नीट दुरुस्त केले तर आणखी पन्नास वर्षे उभे राहील, त्याला ते राखायला मदत नाही, म्हणून तो ते पाडतो. आमच्याच गल्लीत गेल्या चार वर्षांत सागवानी खांबांची तीन घरे अशी उतरली. खांब भंगारच्या भावात गेले आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका घरातल्या आजी दुपारी आमच्या ढाळजेत येऊन बसतात.

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये घरांसाठी एक संहिता केली. तिच्यात छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घातली, एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला १.२ वॅट. उघडा पत्रा याच्या पाच-सहापट उष्णता आत सोडतो. पण ही संहिता मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी. म्हणजे ज्यांना वातानुकूलन परवडते त्यांच्या छताला नियम आहे आणि ज्यांना पंखाही जपून चालवावा लागतो त्यांचे छत मोकळे. राज्याच्या सीमेपलीकडच्या तेलंगणाने २०२३ मध्ये गार छतांचे स्वतंत्र धोरण आणले. अहमदाबादेत गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम त्याआधीच सुरू झाले. मराठवाड्याला अशा धोरणाची गरज कमी आहे असे कोणी म्हणू शकेल का?

माझे मागणे मोठे नाही. घरकुलाच्या रकमेत पत्र्याखालच्या दुसऱ्या छतासाठी वेगळे दहा-पंधरा हजार धरावेत आणि ते छत झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. जुने दगडमातीचे घर राखू पाहणाऱ्याला मजबुतीकरणासह दुरुस्तीचे अनुदान मिळावे. आधी मजबुती, मग गारवा, हा क्रम मात्र सोडू नये. १९९३ नंतर शिकवलेले गवंडी आता साठी-सत्तरीचे झाले आहेत, ते आहेत तोवर त्यांच्या हाताखाली तरुण मुले शिकवावीत. आयटीआयमध्ये चुन्याच्या आणि मातीच्या कामाचा एक वर्ग सुरू करायला काय अडचण आहे ते मला समजत नाही. आणि अंगणवाड्या. माझ्या माहितीतल्या तीन अंगणवाड्या उघड्या पत्र्याखाली भरतात. तीन ते सहा वर्षांची लेकरे तिथे जेवतात आणि झोपतात. त्यांना आपला त्रास सांगताही येत नाही, ती फक्त चिडचिडी होतात आणि मग लोक म्हणतात की मुले फार रडतात. निदान तिथे तरी या उन्हाळ्याच्या आत तट्ट्याचे छत व्हावे. एका खोलीला आठ दिवस लागतात, हे मी करून पाहिले आहे.

मापे, खर्चाचा हिशोब आणि अभियंता मुलीने काढलेली रेखाटने मी जपून ठेवली आहेत. ग्रामपंचायत, शाळा किंवा कोणी घरमालक मागेल त्याला त्यांची प्रत देईन. ज्यांना घर पाहायचे आहे त्यांनी जरूर यावे, चहा करीन. फक्त दुपारी दोनच्या सुमारास यावे आणि आधी शेजारच्या पत्र्याच्या खोलीत दहा मिनिटे बसून मग आमच्या माजघरात यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
ता. औसा, जि. लातूर